जर्मनीत ओळख चालत नाही, पत्ता चालतो

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीने कुशल भारतीयांसाठीच्या व्हिशांचा वार्षिक आकडा २० हजारांवरून ९० हजारांवर नेला. आयटीवाल्यांच्या घरांत जर्मनीचा विषय जुनाच होता. आता नर्सिंग केलेल्या, आयटीआय झालेल्या मुलांच्या घरीही तो निघू लागला आहे.

तिकडे गेलेल्यांची मतं मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. एक म्हणतो, सगळं कसं शिस्तीत. दुसरा म्हणतो, एका साध्या कार्डासाठी चार महिने झुलवलं. कुणाला तिथली माणसं सरळ वाटतात, कुणाला तुसडी. पगार भरपूर, पण हातात कमी येतो. डॉक्टर चांगले, पण गोळी म्हणून देत नाहीत. गंमत अशी की ही सगळी मतं खरी आहेत आणि बहुतेकांचं मूळ एकाच ठिकाणी आहे. तिथलं रोजचं जगणं ओळखपाळख, विनंती आणि 'जरा बघा ना साहेब' यांवर चालत नाही. ते चालतं लेखी पत्रावर, ठरलेल्या मुदतीवर आणि सगळ्यांनी मिळून भरलेल्या पैशांवर.

सगळ्याची सुरुवात पत्त्यापासून

जर्मनीत राहायला गेलेल्या माणसाने घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या नागरिक कार्यालयात आपला पत्ता नोंदवायचा असतो. याला 'आनमेल्डुंग' म्हणतात. हे परदेशी माणसांपुरतं नाही. जर्मन माणूस एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेला तरी त्यालाही हेच करावं लागतं. न केल्यास १,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो.

सोबत तीन गोष्टी लागतात: पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि हा माणूस अमुक तारखेपासून इथे राहतो असं घरमालकाच्या सहीचं पत्र. गाडी अडते ती या तिसऱ्या कागदावर. भाडेकरार दाखवून भागत नाही, मालकाचं वेगळं पत्रच लागतं. काही पोटभाड्याच्या खोल्या 'इथे नोंदणी करता येणार नाही' या अटीवर मिळतात. त्या कितीही स्वस्त असल्या तरी नव्याने आलेल्याने घेऊ नयेत, कारण नोंदणीशिवाय पुढचं काहीच हलत नाही. पैसे घेऊन खोटा पत्ता देणारेही भेटतात. त्यात देणारा आणि घेणारा दोघेही अडकतात.

नोंदणी झाली की साखळी आपोआप सुरू होते. दोन-तीन आठवड्यांत पोस्टाने ११ आकडी कर क्रमांक येतो. तो आयुष्यभर बदलत नाही. तो कंपनीला वेळेत दिला नाही, तर पगारातून सर्वांत जड म्हणजे सहाव्या वर्गाने कर कापला जाऊ शकतो. जादा कापलेला परत मिळतो, पण तोवर हात आखडून राहावं लागतं. बँक खातं, मोबाइलचं कनेक्शन, निवास परवान्याचं कार्ड, मुलाचं पाळणाघर, सगळीकडे नोंदणीचा दाखला मागतात.

फॉर्मवर धर्माचा एक रकाना असतो. तो सहज भरण्यासारखा नाही. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट असं लिहिलं की चर्चकर सुरू होतो: बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आयकराच्या ८ टक्के, इतर राज्यांत ९ टक्के. म्हणजे १०० युरो आयकर असेल तर वर ८ किंवा ९ युरो. हिंदू, बौद्ध किंवा मुस्लिम माणसाला हा कर लागत नाही. वसईचा ख्रिस्ती मुलगा मात्र पगाराची पहिली स्लिप पाहून चक्रावतो.

आणखी एक बारीक गोष्ट. तिथल्या इमारतींत फ्लॅटला बहुधा क्रमांक नसतो. पोस्टमन पत्रपेटीवरचं आणि बेलवरचं आडनाव पाहून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जातं, मग त्यात कर क्रमांक असो की बँकेचं कार्ड. किल्ली हातात आल्याबरोबर पासपोर्टवरच्या स्पेलिंगप्रमाणे आडनावाची पट्टी दोन्हीकडे लावायची. दुसऱ्याच्या घरात खोली घेतली असेल, तर पत्ता देताना त्या घराच्या बेलवर ज्याचं नाव आहे त्याचाही उल्लेख करायचा.

घर: थंड भाडं, गरम भाडं आणि नसलेला ओटा

घराच्या जाहिरातीत 'दोन खोल्या' लिहिलं असेल तर त्यात स्वयंपाकघर आणि न्हाणीघर धरलेलं नसतं. म्हणजे आपल्या भाषेत तो वन बीएचके झाला. भाड्याचे आकडे दोन: 'काल्ट' म्हणजे नुसत्या जागेचं भाडं, 'वार्म' म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई वगैरे धरून. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा वार्ममध्येही येत नाहीत, ती वेगळी घ्यावी लागतात.

वार्ममधला जादा भाग हा अंदाजे घेतलेला आगाऊ हप्ता असतो. वर्ष संपलं की घरमालक खरा हिशोब काढतो आणि फरक मागतो किंवा परत देतो. हिशोबाचं वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत हा हिशोब भाडेकरूच्या हातात पडला पाहिजे. त्यानंतर मालकाला थकबाकी मागता येत नाही, आणि भाडेकरूला हिशोब मिळाल्यापासून हरकत घ्यायला १२ महिने असतात. हिवाळाभर हीटर पाचावर, म्हणजे सर्वांत जास्तवर, ठेवणाऱ्या घराला या कागदाने घाम फुटतो.

अनामत रक्कम कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याएवढी घेता येते, आणि भाडेकरूला ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क आहे. किल्ली घेताना खोलीनिहाय नोंद करतात: फरशीवर ओरखडा, खिडकीची मूठ सैल, भिंतीला सहा भोकं. ती कंटाळा न करता भरायची आणि फोटो काढून ठेवायचे. अनामत परत मिळताना वाद होतो तो इथे न लिहिलेल्या ओरखड्यावरूनच. आणि हो, रिकाम्या घरात ओटा, सिंक, शेगडी नसणं हे तिथे नवल नाही. आधीचा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर उचलून नेतो किंवा नव्याला विकतो.

भारतीय घरांत हमखास उद्भवणारी तक्रार म्हणजे बुरशी. कारण साधं आहे. कुकरची वाफ, रोजची आंघोळ, घरातच वाळणारे कपडे यांनी हवेत बाष्प वाढतं. बाहेर शून्याच्या खाली गेलं की बाहेरच्या बाजूची भिंत गार पडते आणि ते बाष्प तिच्यावर, विशेषतः कपाटामागच्या कोपऱ्यात, पाणी होऊन बसतं. काही आठवड्यांत काळे ठिपके. उपाय म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा हीटर बंद करून खिडक्या सताड उघडायच्या, समोरासमोरच्या असतील तर उत्तम, आणि पाच ते दहा मिनिटांनी बंद करायच्या. एवढ्या वेळात हवा बदलते, भिंती गार होत नाहीत. बहुतेक जण उलट करतात: खिडकी वरून तिरकी करून दिवसभर तशीच ठेवतात. हवा धड बदलत नाही, खिडकीभोवतीची भिंत मात्र थंड होते आणि बुरशी नेमकी तिथेच धरते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवावं. रोज किती वेळा खिडकी उघडायची हे काही भाडेकरारांतही लिहिलेलं असतं. वाचताना हसू येतं, पण भिंत रंगवायचा खर्च कुणी द्यायचा हे त्या ओळीवरून ठरू शकतं.

पत्रपेटी रोज उघडायची

जर्मनीत नव्या माणसाचं नुकसान होतं ते बहुधा न उघडलेल्या पाकिटामुळे. आपल्याकडे महत्त्वाचं काही असेल तर फोन येतो, माणूस येतो, निदान दुसरी-तिसरी नोटीस तरी येते. तिथे पत्र पेटीत पडलं की ते 'मिळालं' असं कायदा धरतो, उघडो न उघडो. सरकारी कार्यालयाचं साधं पत्र जानेवारी २०२५ पासून पोस्टात टाकल्याच्या चौथ्या दिवशी पोचलं असं मानतात. पिवळं पाकीट आलं तर आणखी सावध, कारण त्यावर पोस्टमन हाताने तारीख घालतो आणि मुदत त्या तारखेपासून धावू लागते.

मुदती पाठ कराव्यात अशा आहेत. सरकारी निर्णयावर हरकत घ्यायला साधारण एक महिना. वाहतुकीच्या दंडाच्या निर्णयावर दोन आठवडे. कोर्टामार्फत आलेल्या पैशाच्या मागणीवर दोन आठवडे. ही मागणी खरी आहे का हे कोर्टाने तपासलेलं नसतं, त्यामुळे गप्प बसलं तर चुकीची मागणीही वसुलीपर्यंत जाते. नोकरीवरून काढल्याचं पत्र मिळालं तर कामगार न्यायालयात जायला फक्त तीन आठवडे, आणि रोजगार कार्यालयात नाव नोंदवायला तीन दिवस. काढल्याचं पत्र कागदावर, शाईच्या सहीचं असावं लागतं. ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर 'उद्यापासून येऊ नका' असं आलं तर कायद्याने नोकरी गेलेली नसते.

मुदतीचं हे शस्त्र दोन्ही बाजूंना धार असलेलं आहे. घर सोडतानाची नोटीस सहीच्या कागदावर द्यावी लागते आणि ती महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाच्या हातात पडली तरच तो महिना नोटिशीच्या तीन महिन्यांत धरला जातो. चौथ्या दिवशी पोचली तर एक महिन्याचं भाडं गेलं. म्हणून लोक नोंदणीकृत पोस्टाने पाठवतात किंवा साक्षीदार घेऊन पेटीत टाकतात.

जिम, मोबाइल, मासिक यांचे करार पूर्वी वेळेत रद्द न केल्यास आपोआप आणखी वर्षभर वाढायचे. मोबाइल-इंटरनेटसाठी डिसेंबर २०२१ पासून आणि इतर बहुतेक ग्राहक करारांसाठी १ मार्च २०२२ नंतर ते बदललं: पहिली मुदत संपल्यावर कधीही एका महिन्याच्या नोटिशीवर बाहेर पडता येतं. विमा मात्र या सवलतीत नाही. तिथे नोटिशीची तारीख कॅलेंडरात लिहूनच ठेवावी.

नोंदणीनंतर येणाऱ्या पत्रांतलं एक सगळ्यांनाच फसवाफसवीचं वाटतं: सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचं शुल्क भरा, महिन्याला १८.३६ युरो. घरात टीव्ही नाही, जर्मन कळत नाही, तरी भरायचं. हे शुल्क माणशी नसून घराला एक आहे. चौघं एकत्र राहत असतील तर एकाने भरून बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा. फेकून दिलं तर दंडासह वाढत जातं.

'पगारातून एवढे का कापतात?'

महिना ४,००० युरो पगार, अविवाहित, मूल नाही, चर्चकर नाही असा माणूस धरा. २०२५ च्या दराने त्याच्या हातात साधारण २,६०० येतात. गेलेल्या १,४०० पैकी आयकर सुमारे ५४० आहे. उरलेले ८६० हे कर नाहीतच. ते आरोग्य, निवृत्तिवेतन, बेरोजगारी आणि म्हातारपणची शुश्रूषा या चार विम्यांचे हप्ते आहेत. आणि जवळपास तेवढीच रक्कम कंपनी आपल्या खिशातून वेगळी भरते, ती पगाराच्या आकड्यात दिसतही नाही.

ही रचना जुनी आहे. जर्मनीचा पहिला चान्सलर बिस्मार्क याच्या काळात १८८३ मध्ये आजारपणाचा, १८८४ मध्ये अपघाताचा आणि १८८९ मध्ये म्हातारपणाचा विमा कायद्याने आला. आपली भिशी डोळ्यांसमोर आणा, फक्त एका फरकासकट: भिशीत प्रत्येकाची पाळी ठरलेली असते, इथे पाळी गरजेप्रमाणे लागते. आजारी पडला त्याची, नोकरी गेली त्याची, म्हातारा झाला त्याची. ज्याची कधीच लागली नाही तो सुदैवी, पण त्याचे पैसे परत मिळत नाहीत. आणि हप्ता सारखा नसून कमाईच्या टक्क्यात असतो, ठराविक वरच्या मर्यादेपर्यंत.

सरकारी आरोग्य विम्यात नोकरी न करणारा जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता येतात. ठराविक उत्पन्नाच्या वर (२०२५ मध्ये वर्षाला ७३,८०० युरो) खासगी विमा निवडता येतो. एकट्या तरुणाला तो स्वस्त दिसतो आणि एजंट तेच दाखवतात. पण त्यात हप्ता वयाप्रमाणे आणि माणशी असतो; लग्न झालं, दोन मुलं झाली की चार हप्ते. परत सरकारीत येणं अवघड, आणि पंचावन्नाव्या वर्षानंतर जवळजवळ बंदच. दहा वर्षांत कुटुंब वाढायचं असेल तर या मोहात न पडणं शहाणपणाचं.

निवृत्तिवेतनाचं काय, आपण तर पाच-सहा वर्षांत परत येणार, हा आक्षेप रास्त आहे. भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार २०१७ पासून लागू आहे. निवृत्तिवेतनाला पात्र व्हायला किमान पाच वर्षं भरलेली लागतात, आणि ती मोजताना दोन्ही देशांतली वर्षं जोडता येतात. त्यामुळे परत येताना हप्त्यांचा वार्षिक तपशील आणि विमा क्रमांक जपून आणावा; तीस वर्षांनी तोच कागद उपयोगी पडेल.

सक्ती नसलेला पण घ्यावाच असा एक विमा आहे: दुसऱ्याचं नुकसान झाल्यास भरपाईचा, 'हाफ्टफ्लिश्त'. जर्मन कायद्यात निष्काळजीपणाने दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरपाईला वरची मर्यादा नाही. सायकलवरून कुणाला धडक दिली, वॉशिंग मशीनचा पाइप सुटून खालच्या घरात पाणी गेलं, इमारतीची किल्ली हरवली. ही शेवटची क्षुल्लक वाटते. पण कित्येक इमारतींत एकच किल्ली मुख्य दरवाजा, तळघर आणि घर उघडते, म्हणून ती हरवली की सगळी कुलुपं बदलण्याचं हजारो युरोंचं बिल येऊ शकतं. घेताना पॉलिसीत किल्ल्यांचा उल्लेख आहे ना हे पाहावं.

डॉक्टर गोळी का देत नाहीत?

सर्दी-तापाने हैराण माणूस दवाखान्यात जातो, आणि डॉक्टर विश्रांती घ्या, चहा प्या, आठवड्याने बघू म्हणतात. भारतीयाला वाटतं, तपासलंच नाही. यामागे दोन कारणं आहेत. विषाणूंच्या सर्दीवर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो आणि तिथे ते चिठ्ठीशिवाय मिळतही नाही. दुसरं म्हणजे विश्रांती हा तिथे खरोखरचा उपचार आहे, कारण ती परवडते: आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार कंपनी देते (नोकरीला चार आठवडे झालेले हवेत), त्यापुढे विमा संस्था मूळ पगाराच्या ७० टक्के. या दिवसांचा वर्षाच्या रजेशी संबंध नाही. आपल्याकडे गोळी घेऊन दुसऱ्या दिवशी कामावर जावंच लागतं, म्हणून गोळी हवीशी वाटते.

आजारी असल्याचं कंपनीला त्याच सकाळी कळवायचं. तीन दिवसांपेक्षा जास्त लांबलं तर चौथ्या दिवशी डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. कंपनी पहिल्या दिवसापासूनही मागू शकते, ते नेमणूकपत्रात पाहावं. २०२३ पासून हे प्रमाणपत्र डॉक्टरकडून विमा संस्थेकडे थेट संगणकावर जातं.

रात्री-अपरात्री जिवावर बेतलेलं नसेल पण थांबवतही नसेल, तर ११६११७ हा क्रमांक. जिवावर बेतलं असेल तर ११२. पहिल्याची माहिती नसल्यामुळे लोक ताप घेऊन रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पाच-पाच तास बसतात. तज्ज्ञ डॉक्टरची वेळ मिळायला आठवडे-महिने लागतात ही तक्रार मात्र खरी आहे, आणि जर्मन माणसंही ती करतातच.

रविवार आणि कचरा

रविवारी दुकानं बंद असतात, हे धार्मिक आग्रहामुळे असेल असं वाटतं. मूळ तिथलंच, पण आज त्याला धरून ठेवणाऱ्यांत कामगार संघटनाही आहेत. १९१९ च्या वायमार राज्यघटनेतलं कलम १३९ रविवारला कामातून विश्रांतीचा दिवस म्हणून संरक्षण देतं, आणि आजच्या राज्यघटनेने कलम १४० द्वारे ते जसंच्या तसं घेतलं आहे. स्टेशनातली दुकानं, पेट्रोलपंप आणि काही तास बेकरी एवढंच उघडं असतं. त्या दिवशी ड्रिल, व्हॅक्यूम क्लीनर आणि रोज रात्री १० ते सकाळी ६ मोठा आवाज, हे शेजाऱ्याशी वैर घेण्याचे खात्रीचे मार्ग आहेत. काच टाकायच्या डब्यात बाटल्या टाकायलाही रविवारी मनाई, कारण खळकन आवाज होतो.

कचऱ्याचं वर्गीकरण पहिल्यांदा वेड लावतं. ठोकताळा असा: कागद एका डब्यात, ओला कचरा दुसऱ्यात, प्लॅस्टिक-पत्रा-अ‍ॅल्युमिनियमची वेष्टनं पिवळ्या डब्यात किंवा पिशवीत, उरलेलं काळ्या-करड्या डब्यात. डब्यांचे रंग शहराशहरांत बदलतात, म्हणून रंगापेक्षा झाकणावरचा कागद वाचावा. दह्याचा डबा घ्या. दही चमच्याने निपटून काढायचं, धुवायची गरज नाही. अ‍ॅल्युमिनियमचं झाकण पूर्ण फाडून वेगळं करायचं. डब्याभोवती पुठ्ठ्याची पट्टी असेल तर ती कागदात. आणि डबा-झाकण दोन्ही पिवळ्यातच टाकायचं, पण सुटं सुटं. कारण छाननीचं यंत्र वस्तू कशाची आहे ते ओळखून बाजूला काढतं. झाकण चिकटलेलं असलं की त्याला दोन पदार्थ एकच दिसतात आणि दोन्ही वाया जातात. तेलकट झालेला पिझ्झाचा खोका कागदात जात नाही. चहाचा चोथा ओल्यात जातो. काच पांढरी, तपकिरी, हिरवी अशी रंगाने वेगळी. निळी बाटली हिरव्यात.

पाण्याच्या-कोल्ड्रिंकच्या बाटल्यांवर 'फांट' म्हणजे परत मिळणारी अनामत असते. एकदाच वापरायच्या बाटली-डब्याला २५ सेंट. पुन्हा भरायच्या बाटल्यांना बहुधा ८ किंवा १५. सुपरमार्केटमधल्या यंत्रात बाटली आडवी घातली की ते बारकोड वाचतं आणि शेवटी पावती देतं. ती गल्ल्यावर दाखवून पैसे. बाटली चेपायची नाही, लेबल काढायचं नाही, नाहीतर यंत्र ती थुंकून टाकतं. रस्त्यावरच्या कचराकुंडीशेजारी लोक रिकाम्या बाटल्या उभ्या ठेवून जातात, त्या गोळा करणाऱ्या गरिबाला आत हात घालावा लागू नये म्हणून. तुसड्या म्हटल्या जाणाऱ्या समाजातली ही सवय आहे.

माणसं खरंच तुसडी आहेत का?

शेजारी चहाला बोलावत नाही, पण रात्री दहानंतर मिक्सर लावला तर दारावर चिठ्ठी चिकटवतो. आपल्याला हे टोचतं कारण आपल्याकडे आधी संबंध जुळतात आणि मग नियम सैल होतात. तिथे नियम आधीच ठरलेला असल्यामुळे संबंध जुळवायची घाई नसते. शेजाऱ्याशी गोडी ठेवली नाही म्हणून पाणी तोडलं जाणार नाही, कारकुनाशी ओळख नाही म्हणून फाइल खाली जाणार नाही. गरज नसल्यामुळे मैत्री उशिरा होते, आणि झाली की पुरते.

चिठ्ठीतलं वाक्य कोरडं असतं, पण बहुतेक वेळा त्यात राग नसतो. समोरच्याला नियम माहीत नसेल तर सांगणं ही तिथे मदत समजतात. उत्तर देण्याची रीतही सोपी आहे: घरी वास्तुशांत किंवा वाढदिवस असेल तर दोन दिवस आधी जिन्यात कागद लावायचा, अमुक दिवशी थोडा आवाज होईल, त्रास झाला तर या क्रमांकावर कळवा. लावलेला कागद पाहून तक्रार करणारे कमीच. वाढदिवसाच्या शुभेच्छा मात्र आदल्या दिवशी देऊ नयेत, अपशकुन मानतात. आणि ऑफिसात केक वाढदिवस असणाऱ्यानेच आणायचा असतो.

ओळखी होण्याची खरी जागा म्हणजे 'फेराइन', नोंदणीकृत मंडळ. फुटबॉल, गायन, बागकाम, अग्निशमन स्वयंसेवक, सगळ्याचं मंडळ असतं आणि सात सभासद जमले की नोंदणी करता येते. मराठी मंडळंही तिथे अशीच नोंदतात. आपल्या मंडळाच्या गणपतीत रमणं स्वाभाविक आहे, पण सोबत एखाद्या जर्मन मंडळात आठवड्यातून एकदा जाणाऱ्याची भाषा आणि ओळखी दोन्ही लवकर वाढतात. ऑफिसात इंग्रजीवर भागतं म्हणून भाषा टाळणारे पाच वर्षांनीही मुलाच्या शिक्षिकेशी बोलायला मित्राला घेऊन जाताना दिसतात.

मुलांच्या शाळेबाबत एकच इशारा. शाळेत जाणं तिथे कायद्याने सक्तीचं आहे. घरी शिकवायला परवानगी नाही. तिकीट स्वस्त म्हणून सुट्टीच्या दोन दिवस आधी मुलांना घेऊन भारतात निघालं तर दंड होऊ शकतो. लग्नकार्यासाठी मुख्याध्यापकांकडे आधी लेखी अर्ज करावा.

एवढी शिस्त, मग गाड्या उशिरा का?

हा टोमणा जर्मन माणसंच सर्वांत जास्त मारतात. डॉइचे बान या जर्मन रेल्वे कंपनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये सुमारे ६२.५ टक्केच वेळेवर पोचल्या, आणि सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर तिथे उशीर धरतच नाहीत. जुने रूळ आणि वर्षानुवर्षं टाळलेली दुरुस्ती हे त्यामागचं कारण. तासभर उशीर झाला तर तिकिटाचे २५ टक्के, दोन तासांना ५० टक्के परत मिळतात. अर्ज अ‍ॅपवर करता येतो, पण करावा लागतो, कुणी आपणहून देत नाही.

सरकारी कार्यालयांचं दुखणं तसंच आहे. परदेशी नागरिक कार्यालयात भेटीची वेळ मिळायला मोठ्या शहरांत महिने लागतात. इथे जपायची एकच गोष्ट: निवास परवाना संपण्याच्या तारखेआधी नूतनीकरणाचा अर्ज गेलाच पाहिजे. तारखेआधी अर्ज गेला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना कायद्याने चालू राहतो आणि तसं तात्पुरतं प्रमाणपत्र मागता येतं. तारखेनंतर अर्ज केला तर हे संरक्षण नाही. भेटीची वेळ मिळेना म्हणून वाट पाहत बसणारे इथेच फसतात. ईमेल किंवा पोस्टाने अर्ज पाठवून त्याची पोच ठेवायची.

गाडी चालवणाऱ्यांसाठीही मुदतच: भारतीय वाहन परवाना तिथे राहायला लागल्यापासून सहा महिने चालतो. मग लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. भारतात वीस वर्षं गाडी चालवलेले लोकही प्रत्यक्ष परीक्षेत आपटतात, बहुधा पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं या नियमावर.

कायमचं राहायचं असेल तर

उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या ब्लू कार्डवर कायम निवासाचा परवाना २७ महिन्यांत मिळू शकतो. बी-वन, म्हणजे मध्यम पातळीची जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत. भाषेच्या सहा महिन्यांच्या क्लासचा इतका सरळ मोबदला दुसरीकडे सहसा मिळत नाही.

नागरिकत्वासाठी २७ जून २०२४ पासून आठऐवजी पाच वर्षांचं वास्तव्य पुरतं. तीन वर्षांत नागरिकत्व देणारी खास सवलतही त्या कायद्यात होती, ती २०२५ मध्ये काढून टाकली. बी-वन भाषा, स्वतःच्या कमाईवर घर चालवण्याची क्षमता आणि ३३ प्रश्नांची परीक्षा लागते; १७ बरोबर आले की उत्तीर्ण, आणि सगळे प्रश्न आधीच जाहीर असलेल्या ३१० च्या संचातून येतात.

जर्मनीने आता दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली, पण भारत ते मानत नाही. जर्मन नागरिकत्व मिळताक्षणी भारतीय नागरिकत्व संपतं, भारतीय पासपोर्ट रीतसर परत करावा लागतो आणि मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांसाठीचं कार्ड घ्यावं लागतं. ओसीआयवर भारतात राहता, नोकरी करता, फ्लॅट घेता येतो. मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. गावाकडे शेतात पैसा घालायचा विचार असलेल्यांनी नागरिकत्वाचा अर्ज भरण्याआधी हा हिशोब घरच्यांबरोबर बसून करावा.